हिल व्ह्यू, पार्किंगसह

काटई-कर्जत रस्त्याने बदलापूरकडे निघालं की डोंगर दोन ठिकाणी दिसतो. एक उजव्या हाताला लांबवर. मलंगगडापासून निघून नवरा-नवरीच्या सुळक्यांवरून चंदेरीकडे आणि पुढे माथेरानकडे गेलेली ती रांग. दुसरा रस्त्याच्या दुतर्फा, होर्डिंगवर. होर्डिंगवरचा डोंगर जास्त हिरवा असतो. त्याच्यावर वणव्याचा काळा पट्टा नसतो, खडीची खाण नसते, आणि पायथ्याशी एक जोडपं कॉफीचे मग धरून बारा महिने हसत उभं असतं. निसर्गाच्या कुशीत वन बीएचके, स्टेशनपासून दहा मिनिटं. ही दहा मिनिटं बिल्डरच्या घड्याळातली. रिक्षावाल्याच्या घड्याळात ती पंचवीस होतात, आणि मीटरचा विषय काढला तर रिक्षाच मिळत नाही.

डोंगर दिसण्याचे पैसे वेगळे पडतात. ज्या बाजूने डोंगर दिसतो तो फ्लॅट महाग, ज्या बाजूने नाला दिसतो तो त्यामानाने स्वस्त. दोन-तीन वर्षांत पुढच्या प्लॉटवर आणखी उंच टॉवर उभा राहतो आणि डोंगर दिसेनासा होतो. व्ह्यूचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. मग त्या नव्या टॉवरचं होर्डिंग लागतं. त्यावर तोच डोंगर, तेच जोडपं, मग तेवढे नवीन.

अशा कमाऊ डोंगराला सरकारी संरक्षण आहे का, असं कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगा की आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला. त्याच्या बाहेर आणखी २०० मीटरचा बफर ठेवला. पट्टा मुख्यतः रायगडातला, पण आपल्या ठाणे जिल्ह्याची कडही त्यात येते. झोन जाहीर झाला, देखरेख समित्या आल्या, मुदती संपल्या, पुन्हा समित्या आल्या. वीस वर्षांहून अधिक काळ ही रेघ नकाशावर आहे. जमिनीवर मात्र ती नेमकी कुठून जाते हे गावात विचारलं तर तीन माणसं चार दिशांना बोट दाखवतात. त्यातला एक इस्टेट एजंट असतो. तो म्हणतो, ‘साहेब, रेघ आपल्या प्लॉटच्या अलीकडेच संपते.’ त्याने कुठलाही प्लॉट दाखवला तरी रेघ अलीकडेच संपते.

पण रेघ निरुपयोगी आहे असं समजू नका. तिच्या कामाची एक पद्धत आहे. मासेमारीच्या जाळ्यात मोठा मासा अडकतो आणि बारका निसटतो. आपल्या डोंगराभोवतीच्या जाळ्यात बारका अडकतो, आणि मोठा आरपार निघून जातो.

माथेरानच बघा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली तो डोंगर ‘शोधून काढला’. म्हणजे ठाकर, धनगर तिथे होतेच, पण त्यांनी कुणाला लेखी कळवलं नव्हतं. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. मोटारींना वर बंदी. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर, मिनी ट्रेनने किंवा हातरिक्षात बसून जायचं. तांबड्या धुळीच्या त्या चढावर एक माणूस पुढून ओढतोय, दुसरा मागून रेटतोय आणि मधे ऐंशी-नव्वद किलोचं गिऱ्हाईक चिक्की खात बसलंय, हे दृश्य आपण ‘प्रदूषणमुक्त’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गोड मानून घेतलं. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत जे जमा होत होतं ते प्रदूषणात मोजायचा रिवाज नव्हता.

बॅटरीवरची ई-रिक्षा चालवू द्या, अशी मागणी घेऊन हातरिक्षावालेच सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रायोगिक ई-रिक्षा धावायला २०२२चा डिसेंबर उजाडला. मग रिक्षा किती, कुणाला द्यायच्या, रस्त्याला पेव्हर ब्लॉक लावायचे की नाही, लावले तर डोंगराचं पाणी जिरणार कसं, यावर अहवालावर अहवाल. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा. स्वातंत्र्याला तेव्हा ७८ वर्षं होत आली होती. तीन चाकांची, आवाज न करणारी, धूर न सोडणारी एक गाडी त्या डोंगरावर चढवायला हे सगळं लागलं.

आता त्याच रांगेच्या पोटात या. बदलापूरजवळच्या बेंडशीळपासून पनवेलकडच्या मोरबेपर्यंत चार किलोमीटरहून लांब जुळे बोगदे. वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग तिथून आरपार जायचा आहे. बोगद्यामागचा युक्तिवाद बिनतोड आहे. वरचं झाड तुटत नाही, वरच्या माकडाला खाली काय चाललंय ते कळत नाही, डोंगर जसाच्या तसा दिसतो. दिसणं महत्त्वाचं, कारण भाव त्याच्यावर ठरतो. वर ई-रिक्षाच्या वजनावर खल, आणि पोटातून सोळा चाकांचे कंटेनर. बोगदा नको, असं मी म्हणत नाही. तळोज्याच्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास बसून कंबर मोडून घेतलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभणारही नाही. मला फक्त ते प्रमाण मजेशीर वाटतं. माथ्यावर बॅटरीची रिक्षा न्यायची तर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय लागतं. पोटातून महामार्ग न्यायचा तर सुरुंग पुरतात.

कोंडेश्वर म्हटलं की बदलापूरकराला दोन गोष्टी आठवतात, महादेव आणि मनाईहुकूम. जून लागला, धबधबा फुटला की जिल्हा प्रशासनाचा आदेश येतो: धबधबे, धरणं, कुंड, कुठेही जमायचं नाही. कुंडात दरवर्षी तरुण पोरं बुडतात, त्यामुळे आदेशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रस्त्यात दोन पोलीस उभे राहतात, छत्री एकच. बाइकवरून आलेल्या पोरांना ते परत पाठवतात, मागच्या पोराच्या हातातली वडापावची पिशवी बघून. त्याच रस्त्याने, त्याच पावसात, मुरमाचा डंपर येतो. डंपरला धबधब्याशी देणंघेणं नसतं, त्यामुळे मनाईहुकूम त्याला लागू होत नाही. पोलीस बाजूला होतात, चिखल त्यांच्या गणवेशावर उडतो, पोरं हसतात आणि त्यांचं लायसन्स तपासलं जातं.

मोळीची गोष्टही तीच. डोंगरातून डोक्यावर वाळक्या फाट्यांची मोळी घेऊन उतरणाऱ्या कातकरी बाईला वनक्षेत्र म्हणजे काय ते अचूक ठाऊक असतं, कारण तिला ते सांगायला कुणी ना कुणी भेटलेलं असतं. फार्महाऊसवाल्याला ते माहीत नसतं. त्याला कंपाउंड बांधून झाल्यावर नोटीस येते, नोटिशीनंतर वकील येतो, आणि वकिलानंतर वर्षं जातात.

बिबट्याचं तर विचारूच नका. जानेवारी २०१९ मध्ये एक बिबट्या उल्हासनगरात आला. साधासुधा कोपरा नव्हे, थेट कॅम्प नंबर पाच! जिथे दुचाकी उभी करायला जागा मिळत नाही तिथे हा एका बंगल्यात जाऊन बसला. सीसीटीव्हीत दिसला, बघ्यांनी गच्च्या भरल्या, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पथक आलं, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि त्याला नेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा कल्याण पूर्वेतल्या इमारतीत शिरला. दोन्ही वेळा बातमी एकच, बिबट्या मानवी वस्तीत घुसला. दोघेही मलंगगडाकडच्या जंगलातून आले असावेत असा अंदाज होता, आणि तो चुकीचा वाटायचं कारण नाही. कारण त्या बाजूला जंगल आहे, डोंगर आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. अभयारण्याचा दर्जा मात्र नाही. मलंगगडाला नाही, तिकडे बारवीच्या जंगलालाही नाही. बिबट्याला सरकारमान्य पत्ता हवा असेल तर त्याने तानसा गाठावं, तुंगारेश्वर गाठावं, भीमाशंकर चढावं, किंवा कर्नाळ्याला जावं. कर्नाळा पक्ष्यांचं अभयारण्य, जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. म्हणजे तिथेही व्ह्यू आहे, पण ट्रकचा.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. सगळी साताऱ्यापासून खालची. आपली रांग त्या यादीच्या आसपासही नव्हती. बरंच झालं. असती तर होर्डिंगवर ‘वर्ल्ड हेरिटेज व्ह्यू’ लागलं असतं आणि चौरस फुटामागे आणखी काही शे चढले असते.

वालधुनीला जरा निवांत भेटू. अंबरनाथजवळच्या डोंगरांत, काकोळे गावाच्या बाजूला ती उगम पावते. तिथे रेल्वेने ब्रिटिश काळात बांधलेलं धरण आहे, लोक त्याला अजून जीआयपी टँक म्हणतात. डोंगराचं पाणी झिरपत येतं, ते इतकं चांगलं की रेल्वेने तिथेच रेल नीरचा कारखाना टाकला. लोकलच्या फलाटावर तुम्ही घेता त्या बाटलीत आपला डोंगर असतो, झाकण लावलेला. हे या नदीचं बालपण.

पुढे ती अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून जाते. शके ९८२, म्हणजे १०६० सालचं शिलाहारांचं मंदिर. शिल्पं बघावीत तर तिथली. शिल्पं बघताना नाकाला रुमाल लावावा लागतो, कारण मधल्या अंतरात नदी मोठी झालेली असते आणि कामाला लागलेली असते. औद्योगिक वसाहतीचं जे काही असेल ते, गावाचं सांडपाणी, आणि उल्हासनगरात शिरल्यावर जीन्स धुलाईच्या कारखान्यांचा रंग. कॅम्पातली जुनी माणसं सांगतात की कोणत्या आठवड्यात कोणती ऑर्डर निघाली ते नाल्याच्या पाण्यावरून कळायचं. कधी निळा, कधी काळा. कारवाया झाल्या, कारखाने इकडून तिकडे हलले, रंग आपला येतच राहिला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये एका रात्री उल्हासनगरात टँकरमधून याच वालधुनीत रसायन सोडलं गेलं. झोपेत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, श्वास घेता येईना, शेकडो माणसं दवाखान्यात पोचली. पुढच्या वर्षी वालधुनी आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. आता टँकर म्हणजे काही मोळी नव्हे. रस्त्यावरून येतो, वळतो, मागे घेताना पीं-पीं वाजतो, नळी सोडतो. डोक्यावरची मोळी अर्ध्या किलोमीटरवरून दिसते आणि टँकर दिसत नाही, ही दृष्टीची कमतरता आहे की नेमणुकीची, ते डॉक्टरच सांगू शकतील.

आणि ज्या शहरातून ही नदी रंगून बाहेर पडते त्या शहराकडे स्वतःचं पाणी नाही. उल्हासनगर एमआयडीसीकडून पाणी विकत घेतं. त्यातलं बरंचसं बारवी धरणाचं, १९७२च्या. म्हणजे पुन्हा डोंगराचंच, जंगलाचंच, ज्यांची शेतं बुडाली त्या पाड्यांचंच. पाणी आलं नाही की मोर्चा पाणीपुरवठा विभागावर जातो. बारवीच्या जंगलात वणवा लागला म्हणून निघालेला मोर्चा पाहिल्याचं मला आठवत नाही.

उल्हासनगरबद्दल उगाच वाकडं बोलायची मला हौस नाही. लष्कराच्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली माणसं येऊन पडली, १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या नगराची कोनशिला बसवली, आणि हातात काही नसलेल्या सिंधी माणसांनी तिथे बाजार उभा केला. जेमतेम १३ चौरस किलोमीटर जागा आणि २०११च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं. घरं वर जाणारच, आणि परवानगी खाली राहणारच. इतकी बांधकामं बेकायदा झाली की ती कायदेशीर करण्यासाठी विधिमंडळाने २००६ साली या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा केला. एका शहराच्या चुकीसाठी अख्खा कायदा! डोंगराने तसली एखादी चूक केली असती, म्हणजे निदान दोन मजले बेकायदा चढवले असते, तर त्याच्याही नावाने कायदा निघाला असता.

स्वित्झर्लंडला जाऊन आलेली मंडळी आता बदलापुरातही गल्लीगल्लीत सापडतात. टिटलिस झालं, युंगफ्राऊ झालं, बर्फात वडापाव झाला. त्या देशाचं राष्ट्रीय उद्यान कुणी पाहिलं का विचारा. देशभर डोंगर, पण राष्ट्रीय उद्यान एकच, १९१४ सालचं, सुमारे १७० चौरस किलोमीटर. उल्हासनगरं मांडत बसलात तर तेरा बसतील. तिथे आखलेली पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, साखळीला बांधलेलं कुत्रंही न्यायचं नाही, तंबू ठोकायचा नाही. टूरवाले तिथे नेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. करायचं काय तिथे? रोपवे नाही, पॉइंट नाही, भजी नाही. भूतानने तर राज्यघटनेतच लिहून ठेवलं की देशाच्या साठ टक्के जमिनीवर जंगल कायम राहील. गृहसंकुलाच्या मधोमध ठेवायच्या बागेचा चौकोन पार्किंगखाली जाऊ नये म्हणून आपण सोसायटीत दोन गट पाडून भांडतो. तिथे राज्यघटना आहे, इथे व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दल २०११ साली अहवाल दिला. सगळा घाट संवेदनशील माना, त्यात पायऱ्या करा आणि काय करायचं ते ग्रामसभेला विचारा, असं त्याचं म्हणणं. सरकारने तो आधी दडवला, आणि माहितीच्या अधिकाराखाली आदेश झाल्यावर २०१२ मध्ये बाहेर काढला. मग कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र कमी करून दिलं. ते तरी लागू व्हावं ना? २०१४ पासून अधिसूचनेचा मसुदा निघतो, हरकती येतात, मुदत संपते, पुन्हा मसुदा निघतो. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलैलाच, माळीण गाडलं गेलं होतं. या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत, आणि कुणाकुणाला ते जास्त वाटतात.

इर्शाळवाडी इथून लांब नाही. जुलै २०२३ मध्ये त्या ठाकरवाडीवर रात्री दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने नंतर सांगितलं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं चढू शकली नाहीत, हाताने उकरावं लागलं. यावर तिरकस काही सुचत नाही, पुढे जाऊ.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे ते नाव आता संरक्षित. दुसऱ्या गावच्या जांभळाला बदलापूरचं म्हणून विकता येणार नाही. मेच्या अखेरीला, जूनच्या तोंडाला स्टेशनबाहेर आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात वाटा मांडतात, वर थोडं मीठ देतात. नाव संरक्षित झालं, झाडं मात्र ज्या जमिनींत उभी होती त्या एनए झाल्या. संध्याकाळच्या गाडीने उतरलेले एक गृहस्थ, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, व्ह्यूचे जादा पैसे बिनतक्रार मोजलेले, मावशीशी दहा रुपयांवरून घासाघीस करत होते.

‘एवढी महाग? बदलापूरचीच आहेत ना ओरिजिनल?’

‘बदलापूरची होती तवा स्वस्त होती, दादा,’ मावशी म्हणाली. ‘आता लांबून आणतो.’